गोंडा की वादी? भुताखेतांच्या सिरीजमध्ये प्रेम किती आणि स्टोरी किती

गेल्या महिन्यात माझी मावसबहीण माझ्याकडनं एका ॲडल्ट पॅरानॉर्मल फँटसी सिरीजची तीन पुस्तकं घेऊन गेली आणि तिसरं निम्म्यात सोडून परत आणून दिली. दारातच म्हणाली, "अगं, खून कुणी केला ते बघायला वाचायला घेतलं मी, आणि दीडशे पानं झाली तरी ती बाई आणि तो लांडगा एकमेकांकडं बघायलेत नुसतं. त्या खुनाचं काय झालं?" आणि त्याच आठवड्यात ऑफिसातली एक मैत्रीण दुसऱ्या सिरीजबद्दल बरोबर उलटी तक्रार घेऊन आली, की नुसतं युद्धच चाललंय, चार पुस्तकं झाली तरी ते दोघं एकदा नीट बसून बोललेले नाहीत. मला दोघींचंही पटलं. तेव्हापासनं डोक्यात होतं की यावर एकदा सविस्तर लिहायचं, कारण या पुस्तकांचा विषय निघाला की लोक एकतर "ते व्हॅम्पायरचं लव्हस्टोरीवालं होय" म्हणून उडवून लावतात नाहीतर "स्पाइस किती आहे", म्हणजे बेडरूमचे सीन किती, एवढंच विचारतात, आणि प्रेम आणि कथानक एकमेकांत कसं शिवलंय, जी खरी कारागिरी आहे, ती तशीच राहून जाते.

आधी शब्द सरळ करून घेऊ. पॅरानॉर्मल फँटसी म्हणजे आपल्याच रोजच्या जगात, शहरात, गल्लीत व्हॅम्पायर, रूप बदलून लांडगा नाहीतर वाघ होणारी माणसं, चेटकिणी, देवदूत राहतात असं धरून लिहिलेली गोष्ट. ॲडल्ट म्हटलं की सगळ्यांना फक्त बेडरूम आठवते, पण तेवढंच नाही, या पुस्तकांतली माणसं मोठी असतात, त्यांना नोकरी असते, घरभाडं असतं, आधीचं एखादं मोडलेलं नातं असतं, आणि प्रेमात पडताना त्यांना काहीतरी गमवायचं असतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या आणि अडतीस वर्षांच्या बाईच्या प्रेमात हाच मोठा फरक.

आता गोंधळ कुठं होतो तर एकाच कपाटात दोन वेगळ्या प्रकारची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि मुखपृष्ठं जवळजवळ सारखी, चंद्र, धुकं, पाठमोरी बाई. एक प्रकार अर्बन फँटसी, तिथं मुख्य प्रश्न बाहेरचा असतो, खून कुणी केला, शहर वाचणार का, आणि प्रेम त्याच्या बरोबरीनं चालतं. दुसरा पॅरानॉर्मल रोमान्स, तिथं मुख्य प्रश्नच मुळी हे दोघं एकत्र येणार का आणि कसे. रोमान्सला तर दोन ठरलेल्या अटी आहेत, अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं त्या लिहूनच ठेवल्यात: प्रेमकथा मध्यभागी पाहिजे, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा पाहिजे. वाचक त्याला एचईए म्हणतात, म्हणजे कायमचं सुखानं नांदले, नाहीतर एचएफएन, म्हणजे निदान सध्यापुरतं तरी नीट चाललंय. गेल्या काही वर्षांत रोमँटसी हा तिसरा शब्द फार ऐकू येतो, त्यात बहुतेक वेळा आपलं शहर नसतं, अख्खं काल्पनिक राज्य असतं आणि प्रेम आणि राजकारण दोन्हीला जवळजवळ सारखा मान. माझ्या मावसबहिणीनं रोमान्स उचलला होता अर्बन फँटसी समजून, आणि मैत्रिणीनं नेमकं उलटं. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

पण उरलेल्या निम्म्या मिटत नाहीत, कारण योग्य प्रकारचं पुस्तक घेऊनसुद्धा कधीकधी प्रेम उपरं वाटतं. ते का, हे मला समजलं कोल्हापुरात चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात. लहानपणी वडिलांबरोबर चप्पल घ्यायला गेले होते, मी लाल गोंड्याच्या जोडीवर हटून बसले होते, तर तिथल्या कारागीर काकांनी ती चप्पल उलटी करून माझ्यासमोर धरली. वरनं गोंडा, जरीची वेणी, सगळी शोभा, आणि खाली तळाच्या कडेकडेनं कातड्याची बारीक वादी ओवून घट्ट शिवलेली, खिळा एक नाही. म्हणाले, "बाळ, गोंडा तुटला तर चप्पल चालतीया. वादी तुटली की तळ उघडला."

कुठल्याही सिरीजमधलं प्रेम मी आता याच नजरेनं बघते. पानं मोजून काही कळत नाही. चारशे पानांत दोनशे पानं प्रेमाची असली तरी ते गोंडा असू शकतं, म्हणजे काढून टाकलं तर खून तसाच होतो, खुनी तसाच सापडतो, लढाई तशीच जिंकली जाते. आणि चाळीसच पानं असली तरी ती वादी असू शकतात, ओढून काढली की अख्खी गोष्ट सुटून येते.

उदाहरण देते. शार्लेन हॅरिसची सूकी स्टॅकहाऊसची सिरीज, 2001 ते 2013, तेरा कादंबऱ्या. सूकी अमेरिकेत लुइझियानातल्या छोट्या गावात एका बारमध्ये वेट्रेस आहे आणि तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. ऐकायला भारी वाटतं, पण जरा विचार करा, कुणाबरोबर जेवायला गेलं तरी समोरच्याच्या डोक्यात आपल्याबद्दल काय चाललंय ते सगळं कानावर, जवळ जायचं कसं? तिचं म्हणून कुणाशी जमत नाही. आणि मग बारमध्ये एक व्हॅम्पायर येऊन बसतो आणि तिला त्याच्याकडनं काहीच ऐकू येत नाही. शांतता. व्हॅम्पायरांचं मन तिला ऐकूच येत नाही हा त्या जगाचा नियम, आणि तोच तिच्या प्रेमाचं कारण, आणि तोच धोका पण, कारण ज्याचं मन कळत नाही तो खोटं बोलला तरी कळणार नाही. एका नियमातनं प्रेमही निघालं आणि सस्पेन्सही. दिसायला देखणा आहे, डोळे निळे आहेत, असल्या कारणानं जमलेल्या जोड्या मी कितीतरी वाचल्या आणि विसरले, ती शांतता मात्र विसरले नाही.

दुसरं, इलोना अँड्र्यूजची केट डॅनियल्स, 2007 ते 2018, दहा पुस्तकं (हे एका नवरा-बायकोच्या जोडीनं घेतलेलं लेखनातलं नाव आहे, दोघं मिळून लिहितात). यातल्या अटलांटा शहरात कधी जादूची लाट येते तेव्हा गाड्या बंद पडतात, कधी ती ओसरते तेव्हा जादू बंद पडते. केट भाडोत्री तलवारबाज आहे आणि तिचं रक्त ही तिची सगळ्यात मोठी लपवायची गोष्ट, कारण त्यावरनं ती कुणाची मुलगी ते कळू शकतं आणि तो बाप फार भयंकर आहे. म्हणून जखम झाली की रक्ताची पट्टीसुद्धा कुठं पडू द्यायची नाही, जाळून टाकायची. कुणाला जीव लावायचा नाही असंच तिला वाढवलेलं. आता अशा बाईनं कुणाला घरात घ्यायचं म्हणजे ती लढाईपेक्षा मोठी जोखीम. तिथं प्रेमाचं प्रत्येक पाऊल म्हणजे कथानकाचंच पाऊल होतं, वेगळं दाखवावं लागत नाही.

आता खरी अवघड गोष्ट, सिरीज. एका पुस्तकात हा तोल सांभाळणं त्या मानानं सोपं, दहा-बारा पुस्तकं चालवायची म्हटलं की लेखकाला भीती वाटते की दोघं एकत्र आले तर पुढं वाचणार कोण. मग तो ताणत बसतो. गैरसमज, आठवण जाणं, जुनी प्रेयसी परत येणं, आपल्या टीव्ही मालिकांनी हे इतकं केलंय की आपल्याला ते लांबनं ओळखू येतं. दोन नायक आणि मध्ये नायिका असं त्रिकोण काढून पाच-सहा पुस्तकं ती कुणालाच हो म्हणत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे विशेष झेपत नाही असं मला वाटतं, कारण आपण निकाली कुस्ती बघत वाढलोय. खासबागेत दोन पैलवान अर्धा तास नुसते हात धरून फिरायला लागले की मैदान ओरडायला लागतं, आणि बरोबरीत सोडवली तर लोक नाराज होऊन घरी जातात. चितपट पाहिजे. पण हेच लोक कुस्ती निकाली झाली म्हणून उठून जात नाहीत, पुढच्या जोडीची वाट बघत बसतात. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या मर्सी थॉम्पसनच्या सिरीजचं मला म्हणून फार कौतुक आहे. पहिलं पुस्तक 2006 चं, मर्सी गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, शेजारी लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या राहतो, आणि त्याचा राग आला की ती त्याच्या खिडकीतनं दिसेल अशी एक भंगार गाडी आपल्या आवारात उभी ठेवते आणि तिचे आणखी पार्ट काढते. त्या गाडीवरनं दोघांचं सध्या कसं चाललंय ते कळतं, एक शब्द न बोलता! तिच्याही आयुष्यात दोन पुरुष आहेत, पण तिसऱ्या पुस्तकापर्यंत ती निवड करते. त्यानंतर सिरीज अजून कितीतरी पुस्तकं चालली, कारण प्रश्न बदलला: मिळणार का हा संपला आणि याच्याबरोबर, याच्या कळपाबरोबर, याच्या आधीच्या बायकोबरोबर राहायचं कसं हा सुरू झाला. केट डॅनियल्समध्येही दोघं चौथ्या पुस्तकात एकत्र येतात आणि पुढं सहा पुस्तकं उरलेली असतात. लग्नानंतर गोष्ट संपते असं मानणारा लेखक तरुणांसाठी लिहीत असेल, मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याला माहीत असतं की खरी भानगड तिथनं पुढं आहे.

दुसरी वाट म्हणजे दर पुस्तकात नवी जोडी. हे काही परदेशी डोकं नाही, आपण लहानपणापासनं वेताळ पंचविशी वाचतोय. प्रत्येक रात्री वेताळ एक पूर्ण गोष्ट सांगतो, तिचा निवाडा तिथंच होतो, आणि मागं मोठी गोष्ट चालू राहते, की राजा हे प्रेत कुणासाठी नेतोय आणि त्या साधूच्या मनात काय आहे. त्यातली ती मेलेल्या मुलीच्या तीन प्रेमिकांची गोष्ट आठवते का? एक तिच्या अस्थी गंगेला घेऊन जातो, एक तिच्या राखेवर स्मशानातच झोपतो, एक वणवण फिरून जिवंत करायचा मंत्र घेऊन येतो, आणि ती उठल्यावर प्रश्न, बायको कुणाची? राजा म्हणतो जिवंत करणारा बापासारखा, अस्थी नेणारा मुलासारखा, जो राखेजवळ राहिला तो नवरा. त्रिकोण सोडा, चौकोनाचा निकाल एका रात्रीत.

नलिनी सिंग या मूळ फिजीच्या आणि न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या लेखिकेची साय-चेंजलिंग सिरीज, 2006 पासनं, याच घाटाची. त्या जगात मनाच्या शक्ती असलेल्या एका जमातीनं हिंसा थांबावी म्हणून आपल्या मुलांमधल्या भावनाच लहानपणापासनं मारून टाकायचं ठरवलेलं असतं. मग अशा बाईनं कुणाच्या प्रेमात पडणं म्हणजे सरळ बंड. दर पुस्तकात एक जोडी आणि दर जोडीगणिक त्या व्यवस्थेला एक तडा. ज्याला प्रेम वाचायचंय त्याला पुस्तकाच्या शेवटी पूर्ण समाधान मिळतं, ज्याला राजकारण वाचायचंय तो पुढचं पुस्तक उचलतो, आणि दोन्ही एकच वादी असते. माझ्या मते तोल साधायचा हा सगळ्यात शहाणा मार्ग, फक्त यात एकाच जोडीबरोबर म्हातारं होण्याचं सुख मिळत नाही.

आता एक उदाहरण असं सांगते जे माझ्याच हिशोबाला छेद देतं, पण टाळून चालणार नाही. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक, 1993 पासनं. नायिका मेलेल्यांना उठवते आणि पोलिसांना खुनाच्या तपासात मदत करते. पहिली नऊ पुस्तकं तपास आधी, प्रेम नंतर, नववं तर जवळजवळ पूर्ण तपासाचं. मग 2001 मध्ये दहाव्या पुस्तकात तिच्या अंगात एक अशी जादूची भूक येते जी शरीरसंबंधातनंच भागते, आणि तिथनं सिरीजचा चेहरा बदलला, जुने बरेच वाचक नाराज झाले, नवे बरेच आले, आणि हा वाद आजही वाचकांत ताजा आहे. माझ्या कसोटीनं बघितलं तर ते सीन वादीच झाले की, काढले तर जादूच चालणार नाही. मग लोक का चिडले?

मी यावर बराच विचार केलाय. एक म्हणजे वाचकाला दिलेला शब्द बदलला. पहिल्या पुस्तकानं दारात उभं राहून सांगितलं होतं की इथं खुनाचा उलगडा मिळेल, आणि नऊ पुस्तकं ते मिळालंही, मग माणूस दहाव्यालाही तेच मागणार. दुसरं जास्त महत्त्वाचं, किंमत हरवली. नायिका अडचणीत, सीन, शक्ती वाढली, सुटली. पुन्हा अडचणीत, पुन्हा सीन. जवळ येण्यानं काहीतरी पणाला लागलं पाहिजे, गुपित फुटलं पाहिजे, कुणीतरी दुखावलं पाहिजे, नाहीतर वादी कितीही ओवा, शिवायला तळच उरत नाही.

म्हणून स्पाइस किती हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. लेखकानं बेडरूमचं दार उघडं ठेवलंय की दारापाशी थांबून आपल्याला सकाळी परत बोलावलंय, ही आवडीनिवडीची बाब, दोन्ही चालतं. मी एवढंच बघते की रात्रीच्या सीनआधी ते दोघं जे होते तेच सकाळी आहेत का. तेच असतील तर तो गोंडा. आणि वेळ बघते. बाहेर शत्रू दार फोडतोय, मूल पळवून नेलंय, आणि या दोघांना एकमेकांचे केस निरखायला सवड आहे, तिथं माझा दोघांवरचाही विश्वास उडतो. लढाईच्या आदल्या रात्री नाहीतर जखमा धुताना मात्र तोच सीन पोटात कालवतो.

हे सगळं प्रत्यक्ष कसं करायचं ते मला गेल्या पावसाळ्यात जवळनं बघायला मिळालं. माझी एक मैत्रीण मराठीत अशी सिरीज लिहितेय, चार पुस्तकांची. नायिका एसटीत कंडक्टर, वय अडतीस, घटस्फोट झालेला, घरी आई, ड्युटी गगनबावड्याकडच्या मुक्कामी गाडीवर. नायक चकवा. म्हणजे आपल्याकडं म्हणतात ना, रात्री वाट चुकली आणि माणूस फिरून फिरून तिथंच यायला लागला की चकवा लागला, उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं, तो चकवा. घाटातनं माणसं गायब व्हायला लागलीत हे कथानक. आणि दर दोन-तीन प्रकरणांनी ती आणि तो रंकाळ्यावर फिरतात, शेंगा खातात, बोलतात. संवाद फार सुंदर लिहिलेत तिनं. पण वाचताना मला दर वेळी रंकाळा आला की घाट विसरायला व्हायचा आणि घाट आला की रंकाळा नकोसा व्हायचा.

तिच्या घरी कट्ट्यावर बसून आम्ही तास-दीड तास एकाच प्रश्नावर अडकलो होतो, की हा घाटातला चकवा कोल्हापुरात येतो कसा? तिनं त्याचा विचारच केला नव्हता, येतो म्हणजे येतो. आणि बोलता बोलता तीच म्हणाली, "घाट मोकळा सोडता येत नसंल त्याला. तो इकडं आला तर तिकडं त्याच्या जागेवर कुणीतरी लागंल की." आणि दोघी गप्प झालो. कारण मग गायब होणारी माणसं कोण ते कळलं. हा तिला भेटायला गावात येतो, त्या रात्री घाटात कुणीतरी वाट चुकतं आणि अडकतं. ती ज्या प्रवाशांचा शोध घेतेय ते तिच्याच रंकाळ्यावरच्या संध्याकाळींची किंमत आहेत, आणि तिला ते माहीत नाही, त्याला माहीत आहे.

संवाद एक बदलावा लागला नाही तिला. तीच शेंगांची पुडी, तेच "उद्या येशील?" पण आता ते वाचताना अंगावर काटा येतो. प्रेमाची पानं तेवढीच राहिली, उलट मी तिला सांगितलं वाढव, कारण ते दोघं जितके आनंदात तितकं कथानक पुढं सरकतंय. आणि पुढच्या तीन पुस्तकांचं पण आपोआप ठरलं. पहिल्याच्या शेवटी तिला कळणार, गाडीतल्या रिकाम्या सीटवरनं, तिकिटं किती फाडली आणि उतरले किती या हिशोबावरनं, कंडक्टरला दुसरं काय लागतं. मग दुसऱ्या पुस्तकात हे जमणार का हा प्रश्नच नाही, जमलेलंच आहे, प्रश्न हा की आता भेटायचं कसं, आणि आधी अडकलेल्यांना सोडवायचं कुणाच्या बदल्यात. ताणायची गरज नाही, गैरसमज नको, तिसरा माणूस आणायला नको.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून एकमत नाही. तिला शेवट रोमान्सच्या अटीतला पाहिजे, चौथ्या पुस्तकात दोघं एकत्र, सुखात. मला वाटतं तसा शेवट द्यायचा तर पहिल्या अडकलेल्या माणसाचा, तो साठीचा दूधवाला आहे, त्याचा हिशोब आधी पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर त्यांचं सुख मला गोड लागणार नाही. ती म्हणते दूधवाला परत येईल. मी म्हणते येऊ दे, पण किती वर्षांनी, आणि घरी कोण उरलंय त्याचं? परवा तिनं सातवं प्रकरण पुन्हा लिहून पाठवलं. त्यात दूधवाल्याची बायको स्टँडवर येऊन बसते, रोज, त्याच गाडीच्या वेळेला, आणि नायिका तिच्या समोरनं जाऊन गाडीत चढते आणि डबल बेल देते.